अठरा टक्के आणि मोगराळे घाट

इलेक्ट्रिक गाडीनं लांबचा प्रवास होतो का, असं वर्गातल्या मैत्रिणी मला अजून विचारतात. होतो. आम्हाला संभाजीनगरहून सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, दहिवडीजवळच्या एका वस्तीवर लग्नाला जायचं होतं. त्यातलं बहुतेक सगळं अंतर गाडीनं आम्हाला गारव्यात, आवाज न करता नेलं. शेवटचे वीस-बावीस किलोमीटर राहिले. त्या राहिलेल्या तुकड्याबद्दल मी घरात कुणाशी बोललेले नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

औरंगपुरा

प्रवासाची सुरुवात साडीच्या दुकानातून झाली. आमच्याकडं नवरी अंतरपाटासमोर उभी राहते ती मामानं आणलेल्या पिवळ्या साडीत, आणि तिच्या पाठीशी मामाच उभा असतो. मामा नसेल तर कुणातरी नात्यातल्या माणसाला उभं करतात, पण मग ते पुढं वर्षानुवर्षं बोललं जातं. माझ्या गिरजाआत्याच्या मुलीचं, मनीषाचं लग्न होतं. मनीषाला मामा एकच, म्हणजे माझे वडील. त्यांना आम्ही आबा म्हणतो.

आम्ही धनगर. लासूर स्टेशनच्या पलीकडं आमचं गाव आहे. आबांनी उभं आयुष्य मेंढरांमागं काढलं. पाच वर्षांपूर्वी मला अकरावीला शहरात ठेवायचं ठरलं, तेव्हा त्यांनी सगळा कळप विकला आणि वाळूजला एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागले. त्या कळपात गिरजाआत्याच्या मेंढ्या होत्या. तिच्या लग्नात आजीनं तिच्या नावानं दोन मेंढ्या राखून ठेवल्या होत्या, त्यांचं वाढत वाढत आठ-दहा झालं होतं. त्यांच्या कानाला वेगळी खूण होती. दर दोन-तीन वर्षांनी त्यांच्या लोकरीचं घोंगडं आत्याकडं जायचं. आबांनी विकताना तिला विचारलं नाही. तिला फोनवर कळलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुझी मेंढरं तू इकली. माझी कामून इकली?" त्यानंतर ती माहेरी आली नाही. मी पास झाल्याचे पेढे पाठवले, तेही कुणीतरी परत आणून दिले.

आणि मग चैत्रात तिचा फोन आला. मी शेजारी होते, स्पीकर चालू होता.

"बारक्या, मनीचं लगीन ठरलं."

आबा पंचावन्नच्या पुढं आहेत. त्यांना बारक्या म्हणणारं जगात आता एकच माणूस आहे.

"व्हय का? बरं झालं, अक्का."

"मामा म्हणून तूच पायजे. दुसरं कोण उभं ऱ्हायलेलं मला चालायचं नाय. येशील ना रं?"

आबांनी मान हलवली. फोनवर मान दिसत नाही हे त्यांना मी खुणेनं सांगितलं, तेव्हा ते "येतो" म्हणाले.

औरंगपुऱ्यात आम्ही चार दुकानं फिरलो. आबांनी याआधी कधी साडी निवडली नव्हती. दुकानदार साडी उलगडायचा की ते लोकर बघावी तशी हाताच्या मागच्या बाजूनं पोत बघायचे. शेवटी हळदीसारखी पिवळी, लाल काठाची एक निवडली. दुकानदार म्हणाला, "बाबा, नजर है तुमची. कपड्याचा धंदा करत व्हते का?" आबा म्हणाले, "नाय. कपडा अंगावर घेऊन हिंडनाऱ्यांचा करत व्हतो." तो दुकानदार बराच वेळ हसत होता. आबांना इतकं खुशीत मी खूप दिवसांनी पाहिलं.

आबांचा बेत एसटीनं जायचा होता, हळदीच्या दोन दिवस आधी. तो मी मोडला. माझा चुलतभाऊ रावसाहेबदादा शहरात राहतो, कारखान्यांना कामगार पुरवतो. त्यानं नुकतीच इलेक्ट्रिक गाडी घेतली होती आणि तो स्वतःहून म्हणाला, "काका, आपण गाडीनं जाऊ. हळदीच्या दिवशी सकाळी निघू, दिवस मावळायच्या आत मांडवात." आबा घुटमळले. मीच त्यांना म्हणाले, "आबा, पाच वर्षांनी जाताय. पिशवी घेऊन एसटीतून उतरण्यापेक्षा गाडीतून उतरलेलं बरं दिसतं." माझ्या मनात त्यांची इज्जत होती असं मी तेव्हा समजत होते. खरं तर माझ्या मनात माझी होती. मला आत्याच्या दारात गाडीतून उतरायचं होतं. मेंढरं विकून वाया गेली नाहीत, हे तिला दिसायला हवं होतं.

क्रांती चौक ते नगर

सकाळी सातला आम्ही क्रांती चौकातून निघालो. आई आली नाही, घरी म्हैस व्यायला झाली होती. आबा पुढं बसले, साडीचा पुडा मांडीवर घेऊन. मी मागं. दादानं फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "ॲप इंग्रजीत हाय. चार्जिंग कुठं करायचं ते तू बघ. कॉलेजला जातीस, कायतरी उपयोग व्हऊ दे."

मी हो म्हणाले. ते ॲप मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. नकाशावर हिरवे आणि करडे ठिपके होते. हिरवा म्हणजे चालू, एवढं कळलं. प्रत्येक ठिपक्यावर काही आकडे होते, ते कशाचे हे कळलं नाही. विचारायला हवं होतं. पण आमच्या घरात मला कुणी "कळतंय का?" असं विचारत नाही. बँकेचा फॉर्म, दवाखान्याचा कागद, वीजबिल, सगळं माझ्यापुढं येतं आणि मला ते कळतंच असं धरलं जातं. अकरावीपासून मी हो म्हणायला शिकले आहे. रात्री बसून अर्थ लावायचा आणि सकाळी आधीपासून माहीत असल्यासारखं सांगायचं. आतापर्यंत ते निभत आलं होतं.

गाडी खरंच छान होती. कायगाव टोक्याला गोदावरीच्या पुलावर दादानं वेग कमी केला, आबांनी काच खाली करून हात जोडले. उन्हाळ्यानं पात्र रोडावलं होतं. तिथून आबांची जीभ सुटली. त्यांचं लग्नही झालं नव्हतं तेव्हा, आत्याला सासरी पोचवायला ते तिच्या सासऱ्यांच्या कळपासोबत पायी गेले होते. माणचे मेंढके चाऱ्यासाठी आमच्या भागात उतरायचे, त्यातूनच सोयरीक झाली होती. पंधरा दिवसांची ती वाट आबांच्या डोक्यात पाणवठ्यांवरून लिहिलेली होती.

"हितं एक बारव व्हती, पायऱ्याची. त्या लिंबाच्या मागं. तिथं दुपार काढायची."

"काका, तिथं आता पेट्रोल पंप हाय."

"आसंल. बारव त्याच्या खाली आसंल मग."

घोडेगावचा जनावरांचा बाजार दाखवून ते म्हणाले, इथं आमची एक मेंढी हरवली होती आणि आत्या तिच्यासाठी रडली होती, सासरी जाताना रडली नाही तेवढी. मी हसले. मला वाटलं, हे सगळं मी लिहून काढीन. पूर्वी पंधरा दिवसांची वाट, आता एका दिवसाची, असा शेवट करीन. निबंधाला चांगला शेवट होता तो.

नगरजवळ हायवेवरच्या एका हॉटेलामागं पहिला चार्जर मिळाला. दादानं चार्जरची गन गाडीला लावली, मशीन सुरू झालं. आमच्या डब्यात भाकरी, ठेचा आणि कैरीची चटणी होती. हॉटेलात बाहेरचं खाता येत नाही म्हणून आम्ही गाडीमागं सावलीला बसून जेवलो. पाऊण तासात ऐंशी टक्के झाले. पुढचे वीस टक्के हळू होतात असं दादा म्हणाला आणि विचारलं, "भरायचे का निघायचं?"

दोघंही माझ्याकडं बघत होते. मी फोनकडं पाहिलं. पुढं काष्टीच्या अलीकडं हिरवा ठिपका होता, बारामतीत तीन होते.

"निघू या," मी म्हणाले.

काष्टी, बारामती

काष्टीच्या अलीकडचा ठिपका म्हणजे एका बंद मंगल कार्यालयाचं आवार होतं. गेटला कुलूप. आतलं मशीन बाहेरून दिसत होतं, त्यावर कुणीतरी गोधडी वाळत घातली होती. शेजारच्या टपरीवरचा माणूस म्हणाला, "ते व्हय? ते बशिवल्यापास्नं चालूच झालं न्हाई. तुमच्यासारखे रोज दोघं-तिघं येऊन बघून जात्यात. चहा घेता का?"

आम्ही चहा घेतला. दादा मला म्हणाला, "तू तर हिरवा म्हणाली व्हतीस."

"ॲपमध्ये हिरवाच आहे, दादा."

"बरं."

त्या बरंमध्ये राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

दौंडला भीमेच्या पुलावर आबा पुन्हा बोलू लागले होते, पण माझं लक्ष नव्हतं. बारामतीत पहिल्या चार्जरपुढं दोन टॅक्स्या उभ्या होत्या. दुसऱ्या ठिकाणी फक्त त्यांच्या गिऱ्हाईकांनाच देतात असं कळलं. तिसऱ्या ठिकाणी मशीन एवढं हळू होतं की दीड तासात जेमतेम थोडे टक्के चढले. नकाशावरचे ते न कळलेले आकडे मशीनच्या जोराचे होते, हे मला तिथल्या वॉचमननं सांगितलं. तो दहावी नापास असल्याचं त्यानं स्वतःच सांगितलं होतं.

नीरा ओलांडून फलटणला पोचेपर्यंत दिवस मावळला. गाडीत अकरा टक्के होते. तिकडं हळद सुरू झाली असणार. आत्याचा फोन आला. मागं हलगी वाजत होती.

"कुठवर आलाय गं?"

"फलटणला, आत्या. गाडी चार्ज करायची आहे. सकाळी लवकर निघतो."

"हळदीला न्हाई व्हय आला." मग म्हणाली, "बरं. अक्षता बारा पस्तीसला हायती. मनीला साडी नेसवायची म्हंजी अकराला तरी पायजे."

"अकराच्या आधी येतो आत्या."

फलटण

लॉजच्या मालकानं जिन्याखालच्या सॉकेटमधून गाडी लावायला दिली. सकाळपर्यंत भरून जाईल, असं दादा म्हणाला. आम्ही गच्चीवर अंथरलं, तिथं वारा होता. आबांनी साडीचा पुडा उशाला घेतला आणि ते लगेच झोपले. कुठंही, कसंही झोपायची त्यांना सवय आहे.

पहाटे मी खाली गेले तर गाडीवरचा दिवा बंद होता. मीटरजवळचं बटण रात्री कधीतरी पडलं होतं. बारा टक्के. दादानं बटण वर केलं, ते पाच मिनिटांत पुन्हा पडलं. मालक म्हणाला, "गिझर चालू झाले की ते पडतंच. तुम्ही सांगायचं ना मला."

साडेसहाला आबा अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून तयार होते. ते म्हणाले, "सातला दहिवडीची एसटी हाय. मी खाली इचारून आलो. आपुन दोघं एसटीनं जाऊ. रावसाहेब गाडी घेऊन येईल सावकाश."

एवढं सोपं होतं. आबांचं ते वाक्य मी नंतर मनात किती वेळा ऐकलं आहे, सांगता येणार नाही.

दादाचं तोंड उतरलं. "काका, एवढ्या चारशे-पाचशे लोकांत तुम्ही एसटीनं जाणार? मंग मी कामून आलो? खामखा?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं. फोन माझ्या हातात होता. गावात एक मोठा चार्जर होता, नऊला उघडणारा. अर्धा तास तिथं लावला तरी भरपूर झालं असतं. "दहापर्यंत निघू, आबा," मी म्हणाले. "अकराला तिथं."

आठला आत्याचा पुन्हा फोन. ती म्हणाली, तिचा पुतण्या मोटारसायकल घेऊन फलटणला यायला तयार आहे. आबांना आणि साडीला तेवढं पुढं पाठव. "गाडी येऊ द्या मागनं."

मी म्हणाले, "गाडी आहे ना आत्या. कशाला उगाच त्याला त्रास?"

आबांना हे मी सांगितलं नाही. ते बाहेर कट्ट्यावर बसले होते, मांडीवर पुडा.

नऊचा चार्जर साडेनऊला उघडला. मग त्याला नेटवर्क येईना. मग ओटीपी येईना. मग तो सुरू झाला आणि पंधरा मिनिटांत लाल दिवा लावून थांबला. तिथला माणूस कुणाला तरी फोन लावत राहिला. पावणेअकरा वाजले. गाडीत अठरा टक्के होते. पडद्यावर लिहून आलं होतं, सत्तेचाळीस किलोमीटर जाता येईल. दहिवडी अडतीस.

"नऊ किलोमीटर शिल्लक राहतात," मी म्हणाले. "पुढचं तिथं बघता येईल."

आबा गाडीपाशी उभे होते. पुढच्या टायरावर हात ठेवून त्यांनी दक्षिणेकडं पाहिलं. तिकडं उन्हात डोंगराची रेघ दिसत होती.

"पुढं मोगराळ्याचा चढ हाय," ते म्हणाले. "चढाच्या आधी जनावराला पोटभर पाजून घेत्यात. आन उलीसं थांबू. न्हाईतर दुसरं वाहन बघू."

दादा हसला. आणि मी म्हणाले, "आबा, ते मेंढरू नाहीये."

दादा आणखी मोठ्यानं हसला. आबाही हसले, मी काही तरी चांगलं बोलले असं समजून किंवा तसं दाखवून. मग ते गाडीत बसले.

माझा विषय भूगोल आहे. समोच्च रेषा जवळजवळ आल्या की चढ तीव्र असतो, हे मी परीक्षेत आकृतीसह लिहिलेलं आहे. त्या प्रश्नाला मला पूर्ण गुण होते.

मोगराळे घाट

दुधेबावीपर्यंत आकडे बरोबर चालले. उन्हाची झळ अशी होती की दादानं एसी बंद केला नाही, त्यानं नवा पांढरा शर्ट घातला होता. घाट लागला आणि पडद्यावरचा आकडा जिना उतरावा तसा खाली येऊ लागला. एका वळणाला चार किलोमीटर गेले. पुढच्याला पाच. दादानं एसी बंद केला, काचा उघडल्या. मग पडद्यावर कासवाचं चित्र आलं, गाडी चालत्या माणसाच्या वेगानं चालू लागली, आणि एका डाव्या वळणावर, कड्याला लागून, शांतपणे थांबली. पेट्रोलची गाडी बंद पडताना निदान धापा टाकते. ही नुसती थांबली.

अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. फोनला रेंज नव्हती.

आबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, साडीचा पुडा त्यात गुंडाळून पाठीला बांधला, आणि म्हणाले, "रावसाहेब, तू गाडीजवळ थांब. सारिका, चल."

आम्ही चालू लागलो. लग्नाच्या जीपगाड्या जात होत्या, पण टपावरही माणसं होती. एकानं हात हलवून जागा नाही असं दाखवलं आणि आतली बाई ओरडली, "पाठीमागनं येतीया एक!" ती आली नाही. आबा म्हणाले, रस्ता वळसे घेतो, मेंढरांची पाऊलवाट सरळ वर जाते, माथ्यावर गेलं की वाहन मिळेल. ते करवंदीच्या जाळीतून वर शिरले. मी मागं. पंचावन्नच्या पुढचा माणूस, एक गुडघा दुखरा, पण तिथं ते माझ्या पुढंच होते. पाय कुठं ठेवायचा हे त्यांना बघावं लागत नव्हतं. मला वाटलं, पोचतो आपण. यंत्रानं सोडलं, पण आबांच्या वाटेनं पोचतो.

वर वाट संपली. रस्ता रुंद करताना डोंगर कापला होता. दोन माणसांच्या उंचीचा सरळ कडा, ताज्या फोडलेल्या दगडाचा. आबा त्याच्याकडं बघत उभे राहिले. त्यांनी डावीकडं जाऊन पाहिलं, उजवीकडं जाऊन पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "हितंच व्हती."

आम्ही पुन्हा खाली रस्त्यावर उतरलो. त्यात अर्धा तास गेला. उतरताना त्यांचा गुडघा दुखत होता आणि ते तो दिसू देत नव्हते.

बाराच्या पुढं कांद्याच्या गोण्या घेऊन जाणारी एक पिकअप थांबली. चालकानं विचारलं, "कुठं, मामा?" तो सगळ्याच म्हाताऱ्यांना मामा म्हणत असणार. आबांनी त्याच्याकडं पाहिलं. "लग्नाला," ते म्हणाले.

माथ्यावर रेंज आली. आत्या फोन उचलेना. तिच्या पुतण्यानं उचलला. "मंगलाष्टका सुरू झाल्यात ओ! कुठं हाय तुम्ही?" मागं माइकवर कुणीतरी 'सावधान' म्हणत होतं. आबांना ते ऐकू गेलं. ते समोरच्या काचेतून रस्त्याकडं बघत राहिले.

वस्तीवरचा मांडव

आम्ही पोचलो तेव्हा पंगती बसल्या होत्या. आमच्याकडं लग्नात बुंदी आणि वांग्याची भाजी असते, तिकडं गव्हाची खीर आणि आमटी-भात होता. प्रवासवर्णनात असे फरक लिहायचे असतात म्हणून लिहिलं. मला चव आठवत नाही.

मनीषा नवऱ्याशेजारी बसली होती. तिच्या अंगावर पिवळी साडी होती. सकाळी दहिवडीच्या बाजारातून घाईनं आणलेली. तिच्या मागं तिच्या वडिलांच्या गावातला एक माणूस उभा राहिला होता, त्याच्या डोक्याला मामाचा फेटा अजून होता. तो बिचारा आबांना बघून फेटा काढायला लागला. आबांनी त्याचा हात धरला. "राहू द्या. शोभतोय तुमाला."

मग आत्या आली. पाच वर्षांत ती वाळली होती. आबांसारखंच नाक, आबांसारखंच उभं राहणं. आबांनी वाकून तिच्या पायाला हात लावला.

"मला गाडी लागली, अक्का," ते म्हणाले. "उलट्या झाल्या. थांबत थांबत यावं लागलं. पोरांची काय चूक नाय."

मी त्यांच्या शेजारी उभी होते. आबांना गाडी लागत नाही. त्यांना कधीच काही लागत नाही. मी तोंड उघडलं असतं तर एक वाक्य पुरलं असतं. अठरा टक्क्यांचं, मोटारसायकलचं, सात वाजताच्या एसटीचं. तिथं चारशे माणसं होती आणि त्यातली कितीतरी माझ्याकडं, गिरजाबाईच्या शिकलेल्या भाचीकडं बघत होती. मी उघडलं नाही.

आत्यानं आबांकडं बराच वेळ पाहिलं. "मला पोचवाय मेंढरामागं चालत आला व्हतास," ती म्हणाली. "पंधरा दीस. येका दिसानं बी चुकला न्हाईस तवा."

आबांनी पाठीवरचं उपरणं सोडलं आणि साडी तिच्यापुढं धरली. पुडा घामानं ओला झाला होता. आत्यानं साडी घेतली, काठावरून हात फिरवला. हाताच्या मागच्या बाजूनं. मग ती माझ्याकडं वळली आणि पुडा माझ्या हातात दिला.

"तुझ्या लग्नात व्हईल," ती म्हणाली. "मनीची झाली नेसून."

आणि वाढप्यांकडं बघून तिनं हाक दिली, "आरं, पाहुणं लांबनं आल्यात. त्यास्नी पान वाढा."

सख्ख्या भावाला. आबा निमूट पंगतीत जाऊन बसले आणि वाढलेलं सगळं खाल्लं. पानात काही टाकलं नाही.

परतीचा रस्ता

रावसाहेबदादाची गाडी एका ट्रॅक्टरनं ओढून वर आणली. एका पिठाच्या गिरणीत ती रात्रभर लावल्यावर भरली. सकाळी तो आम्हाला न्यायला आला, तेव्हा आबा म्हणाले, "तू व्ह पुढं. आम्ही एसटीनं येतो." त्यानं नवी गाडी पुसली होती.

एसटीत आबा खिडकीशी बसले. भीमेचा पूल गेला, काष्टीचा बाजार गेला, घोडेगाव गेलं. जाताना त्यांनी दाखवलेलं लिंबाचं झाड मला दिसलं, पेट्रोल पंपाच्या मागचं. मी म्हणाले, "आबा, ती बारव." त्यांनी मान हलवली, बाहेर पाहिलं नाही. गोदावरीवर मात्र त्यांनी हात जोडले.

गावात आल्यावर लोकांनी विचारलं, लग्न कसं झालं. आबांनी सगळ्यांना तेच सांगितलं, मला गाडी लागली. आता गावात ते असेच माहीत आहेत. कुठं जायचं निघालं की कुणीतरी म्हणतं, "आबाला गाडी सोसत नाय, लिंबू द्या त्यास्नी." माझी आईसुद्धा लिंबू देते. आबा ते घेतात आणि खिशात ठेवतात.

साडी माझ्या खोलीवर पेटीत आहे. मामाची साडी बाप आपल्या मुलीला नेसवत नसतो, हे आत्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

हे सगळं मी इथं एवढ्या नीट लिहू शकले, याचं कारणही मला कळतं. आबांना वाचता येत नाही. आत्यालाही येत नाही. मनीषाला येतं, ती सातवीपर्यंत शाळेत गेली आहे. तिला एक प्रत पाठवायला हवी. तिच्या सासरचा पत्ता मी अजून कुणाला विचारलेला नाही.